बाबासाहेबांनी 'धम्म' या शब्दाचे भाषांतर का केले नाही?

बाबासाहेबांच्या शेवटच्या ग्रंथाची तीन मुखपृष्ठे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. इंग्रजी मूळ ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'द बुद्ध अँड हिज धम्म'. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी केलेल्या मराठी अनुवादाचे नाव 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. भदंत आनंद कौसल्यायन यांच्या हिंदी अनुवादाचे नाव 'भगवान बुद्ध और उनका धर्म'.

ग्रंथ एकच आहे. पण मराठीत येताना बुद्धाच्या मागे 'भगवान' आला आणि हिंदीत जाताना 'धम्म'चा 'धर्म' झाला. अनुवादकांच्या निष्ठेबद्दल आमच्या मनात शंका नाही. कौसल्यायनजींनी तर बाबासाहेबांनी वापरलेल्या वचनांची मूळ पालि स्थळे शोधून काढण्याचे अवघड काम केले आणि त्याचे ऋण चळवळ कधी फेडू शकणार नाही. तरीही प्रश्न उरतोच. ज्या ग्रंथाचा चौथा खंड धर्म आणि धम्म यांतला फरक समजावण्यासाठी लिहिला आहे, त्याच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर 'धर्म' छापला गेला, तर आत शिरण्याआधीच वाचकाच्या मनात काय पक्के होते?

ही शाब्दिक कीस काढण्याची हौस नाही. आम्ही जालना जिल्ह्यात काम करतो. इथल्या विहारांत वर्षावासात ग्रंथवाचन होते. वाचणारा तरुण मराठी प्रत वाचतो, ऐकणारी आई मराठीच ऐकते. इंग्रजी प्रत कपाटात असली तरी ती फारशी उघडली जात नाही, आणि पालि तर दूरच. म्हणजे आमच्या वाट्याला येणारा बुद्ध हा अनुवादातूनच येतो. म्हणून अनुवादाचा इतिहास आम्हाला माहीत असायलाच हवा.

या इतिहासाची सुरुवात खुद्द बुद्धाच्या संघातच होते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भिक्खू होते. दोघे भाऊ, जन्माने ब्राह्मण, उच्चाराला गोड. ते बुद्धाकडे तक्रार घेऊन गेले. तक्रार अशी की, वेगवेगळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक आता भिक्खू झाले आहेत आणि ते 'सकाय निरुत्तिया', म्हणजे आपापल्या बोलीत, बुद्धवचन बिघडवत आहेत. तेव्हा आम्हाला ते 'छंदस'मध्ये घालू द्यावे. 'छंदस' म्हणजे काय, ते अट्ठकथाकार बुद्धघोषाने सांगितले आहे : वेदाप्रमाणे संस्कृतात.

तक्रारीतला मुद्दा नीट पाहा. अर्थ चुकतो अशी ओरड नाही. नाना जातींच्या तोंडी गेल्याने वचन बिघडते, असे गाऱ्हाणे आहे. अडीच हजार वर्षांत हे गाऱ्हाणे बदललेले नाही. 'न' आणि 'ण' वरून पोराला वर्गात हसणारे आजही हेच म्हणत असतात.

बुद्धाने दोघांना झापले. बुद्धवचन छंदसात घालू नये, घालील त्याला दुक्कटाचा दोष लागेल, असा नियम केला आणि 'सकाय निरुत्तिया' बुद्धवचन शिकायला मोकळीक दिली.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण भाषेचे स्वातंत्र्य देणाऱ्या या वाक्याच्याच भाषांतरावर पुढे वाद झाला. बुद्धघोषाने इसवी सनाच्या पाचव्या शतकात लिहिताना अर्थ लावला की 'सक निरुत्ति' म्हणजे बुद्धाची स्वतःची भाषा, मागधी. एकोणिसाव्या शतकात ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांनी इंग्रजी अनुवाद केला तेव्हा अर्थ घेतला : ज्याने त्याने आपापल्या बोलीत. त्यानंतर जर्मन पंडित गायगर यांनी पुन्हा बुद्धघोषाची बाजू धरली. 'सक' म्हणजे 'स्वतःचा'. पण स्वतःचा म्हणजे कोणाचा, सांगणाऱ्याचा की शिकणाऱ्याचा? एका सर्वनामासारख्या शब्दावर सगळे अवलंबून आहे. सांगणाऱ्याचा म्हटले, तर मागधी ही नवी देवभाषा होते आणि तिचे राखणदार भिक्खू होतात. शिकणाऱ्याचा म्हटले, तर भोकरदनची बाई भोकरदनच्या बोलीत धम्म शिकू शकते.

आमचे मत स्पष्ट आहे आणि ते केवळ भावनेवर उभे नाही. त्या दोन भावांच्या तक्रारीत हाच शब्दप्रयोग आलेला आहे, आणि तिथे तो निःसंशय त्या नाना जातींच्या भिक्खूंच्या बोलीविषयी आहे. आपल्या बोलीत ते वचन बिघडवतात, असे भाऊ म्हणतात. चार ओळींनंतर तोच शब्दप्रयोग उत्तरात आला, तर त्याचा अर्थ अचानक बुद्धाची मागधी कसा होईल? बुद्धाने तक्रारदारांचेच शब्द उचलून त्यांना उत्तर दिले, हाच सरळ अर्थ आहे. बुद्धघोष मोठा पंडित होता यात वाद नाही. पण पालि ही पवित्र भाषा ठरलेल्या परंपरेत बसून तो लिहीत होता. अर्थ लावणारा कुठे बसून अर्थ लावतो, हे पाहिल्याशिवाय अर्थ स्वीकारू नये.

भोकरदनचे नाव आम्ही उगाच घेतले नाही. आपल्या जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या नावांचे कितीतरी छोटे लेख कोरलेले आहेत, आणि त्यांत 'भोगवढन' इथून आलेल्या दात्यांचेही लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मातीतल्या माणसांनी तिथवर दान पाठवले आणि नाव कोरले ते ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. त्या काळच्या बोलण्याला जवळची ती भाषा होती. अमक्याचे दान, तमकीचे दान, एवढाच मजकूर. त्यासाठी मध्ये पुरोहित लागला नाही आणि संस्कृतही लागले नाही. पुढे बौद्ध ग्रंथसुद्धा संस्कृतात लिहिले जाऊ लागले, मोठमोठी शास्त्रे तयार झाली, ती परदेशात गेली. पण इथल्या साध्या माणसाच्या तोंडातून बुद्धवचन हळूहळू नाहीसे झाले. ऱ्हासाची कारणे अनेक आहेत, हे एकच कारण होते असा आमचा दावा नाही. पण हे कारण इतिहासाच्या पुस्तकांत फारसे मांडले जात नाही.

आता त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावाकडे वळू. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, जन्म १६०८. दासबोध मराठीत आहे, त्यामुळे त्याला अनुवादाची गरज नाही असे वाटेल. पण मराठीतून मराठीतही अनुवाद होतो आणि त्याला निरूपण म्हणतात. दासबोधाच्या पाचव्या दशकाच्या पहिल्याच समासात सांगितले आहे की ब्राह्मण हा सगळ्यांचा गुरू आहे, तो क्रियाहीन झाला तरीही. यावर प्रश्न विचारला की ठरलेले उत्तर येते : इथे ब्राह्मण म्हणजे जात नव्हे, ब्रह्म जाणतो तो ब्राह्मण. हा अर्थ ऐकायला बरा वाटतो, पण मूळ वाक्यातच तो टिकत नाही. ब्राह्मणपण जर ज्ञानावर आणि आचरणावर ठरत असेल, तर क्रियाहीन ब्राह्मण ही गोष्टच संभवत नाही. 'क्रियाहीन झाला तरी' असे म्हणावे लागते, कारण इथे ब्राह्मणपण जन्माने आलेले आहे आणि आचरण सुटले तरी ते सुटत नाही.

धम्मपदाचा शेवटचा वग्ग हा ब्राह्मणवग्ग आहे. तिथेही शब्द 'ब्राह्मण'च आहे. पण तिथे जटेने, गोत्राने, आईच्या पोटी जन्मल्याने कोणी ब्राह्मण होत नाही असे सांगून, ज्याने राग-द्वेष टाकला त्याला ब्राह्मण म्हटले आहे. शब्द तोच ठेवून त्यातली जात काढून टाकलेली आहे. निरूपणकार हा धम्मपदाचा अर्थ उचलून दासबोधावर डकवतात आणि मग दोन्ही ग्रंथ एकच सांगतात असे म्हणतात. आम्ही म्हणतो, रामदासांनी जे लिहिले ते त्यांच्या नावावर राहू द्या. त्यांच्यावर बुद्धाचा अर्थ लादणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

जालन्याच्या मातीत आणखी एका धर्मग्रंथाचा मराठी अवतार रुजला, आणि त्याची गोष्ट आपल्या तरुणांना जवळजवळ माहीत नाही. नारायण शेषाद्री हे १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. स्कॉटिश फ्री चर्चच्या मिशनचे काम करत ते पुढे जालन्यात आले आणि सालारजंगांच्या काळात निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्या वसाहतीत आलेले लोक मुख्यतः मांग आणि महार होते. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना स्वतःची वस्ती मिळाली, शाळा मिळाली, आणि हातात घेता येईल असा एक धर्मग्रंथ मिळाला.

या शेवटच्या गोष्टीचे मोल कळायचे असेल तर मुक्ता साळवे आठवावी. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजाची मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचा युक्तिवाद धारदार होता : वेद फक्त ब्राह्मणांचे आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तकावाचून आहोत हे उघड झाले. आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने देवालाच केला. ग्रंथ नसणे म्हणजे काय, हे चौदा वर्षांच्या मुलीने तेव्हाच्या सगळ्या पंडितांपेक्षा नेमके मांडले होते.

बेथेलच्या लोकांच्या हाती ग्रंथ आला खरा, पण तो कोणत्या मराठीत आला? मराठी बायबलचा आरंभ सेरामपूरला विल्यम केरी यांच्या छापखान्यात झाला आणि त्यांच्या मदतीला वैजनाथ हे पंडित होते. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने भाषांतर केले, त्यातही पंडितांची मदत होतीच. परिणाम असा की जुन्या करारात 'वेदी' आली, 'होम' आला, 'याजक' आला, 'प्रायश्चित्त' आले. ज्याला यज्ञाच्या जागेजवळ फिरकू दिले नाही, त्याला मुक्तीचा निरोप मिळाला तो यज्ञाच्याच भाषेत. त्याआधी गोव्यात तर फादर स्टीफन्सनी १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला होता. त्यांचा हेतू ओळखीच्या शब्दातून अनोळखी गोष्ट सांगण्याचा होता. मराठीवरचे त्यांचे प्रेमही खरे होते. पण ओळखीचा शब्द आपले जुने सामान घेऊनच येतो. वैकुंठ म्हटले की विष्णू येतो, आणि विष्णूच्या मागे काय काय येते ते सांगायला नको.

या सामानाची जाणीव झालेली एक बाई होती, पंडिता रमाबाई. संस्कृतावर त्यांच्याएवढी हुकमत असलेली माणसे त्या काळी थोडी होती. तरीही प्रचलित मराठी बायबल त्यांना दोन कारणांनी पटेना. एक, ते साध्या बायकांना कळत नाही. दोन, त्यातले संस्कृत शब्द हिंदू धर्मकल्पना आत घेऊन येतात. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षे खपून मुळातून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. छपाईचे काम मिशनमधल्या स्त्रियांनीच केले. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली त्यांचे बायबल प्रसिद्ध झाले. त्यांचा धर्म आमचा नाही, त्यांच्या ब्राह्मणी वळणाविषयीही चर्चा होऊ शकते. पण संस्कृत येणाऱ्या बाईने संस्कृत शब्द जाणूनबुजून बाजूला ठेवणे ही मराठीच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही. मंडळ्यांमध्ये मात्र ते बायबल फारसे रुळले नाही. लोकांना यज्ञ-याजकांच्या भाषेची सवय झाली होती.

मराठी बायबलमध्ये एक शब्द असाही आहे ज्याचे भाषांतरच केले गेले नाही : 'बाप्तिस्मा'. मूळ ग्रीक शब्द जवळजवळ तसाच उचलला. स्नान म्हणावे की बुडवणे म्हणावे की शिंपडणे, यावर पंथापंथांत भांडणे होती. कोणताही मराठी शब्द घेतला की एका पंथाची बाजू लागत होती, म्हणून मूळ शब्द ठेवला गेला.

आता बाबासाहेबांकडे येऊ. मुखपृष्ठावरचा 'धम्म' हा शब्द त्यांना पहिल्याच दिवशी सुचलेला नाही. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य यावर लेख लिहिला, तेव्हा शीर्षकात 'रिलिजन' हा शब्द होता. ग्रंथाच्या आधीच्या खाजगी प्रतींवर 'गॉस्पेल' होता. गॉस्पेल हा तर उघड ख्रिस्ती शब्द. अखेर त्यांनी दोन्ही सोडले आणि पालि शब्द तसाच इंग्रजीत नेला. ज्या माणसाचे इंग्रजी कोणत्याही इंग्रजाला लाजवील, त्याला शब्द सापडला नाही असे कोणी म्हणणार नाही. 'रिलिजन'मध्ये ईश्वर, आत्मा, प्रार्थना आणि परलोक आधीच भरलेले आहेत. 'धर्म'मध्ये वर्ण आणि आश्रम भरलेले आहेत. 'धम्म' हा शब्द लोक विसरले होते, म्हणून तो रिकामा होता आणि त्यात नवा, खरे तर मूळचा, अर्थ भरता येत होता.

आपला हा तर्क ग्रंथातच आधाराला सापडतो. चौथ्या खंडाच्या दुसऱ्या भागाचे शीर्षकच असे आहे की शब्दांचे साम्य मूलभूत फरक कसा झाकून टाकते. पुनर्जन्म, कर्म, अहिंसा हे शब्द ब्राह्मणी परंपरेतही आहेत आणि बुद्धाच्याही तोंडी आहेत. म्हणून दोघांचे म्हणणे एकच, असे धरून चालणाऱ्यांना बाबासाहेब तिथे अडवतात. कर्म म्हटले की मागच्या जन्माचे पाप आणि म्हणून या जन्मी महारवाडा, हा अर्थ डोक्यात बसलेला आहे. बाबासाहेब सांगतात की आत्माच नाही म्हणणाऱ्याच्या कर्माचा हा अर्थ असूच शकत नाही.

त्याच भागात ते आणखी पुढे जातात. बुद्धाच्या हयातीतच त्याचे म्हणणे चुकीचे सांगितले जात होते, याची पाच उदाहरणे ते सुत्तांतून देतात. त्यांतले पहिले अलगद्दूपम सुत्त, साप चुकीच्या ठिकाणी पकडणाऱ्याच्या दाखल्याचे. धम्म पाठ आहे पण अर्थ कळलेला नाही, त्याला तोच धम्म डसतो. पाठांतर करणाऱ्या भाणकांच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या वचने आली, त्यात चुका होणे साहजिक होते. म्हणून बाबासाहेब कसोटी देतात : जे विवेकाला आणि तर्काला धरून आहे ते बुद्धाचे, आणि ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध नाही त्या वादात बुद्ध पडला नाही. धर्मग्रंथाच्या आत, त्याच धर्मग्रंथावर शंका कशी घ्यावी हे शिकवणारे प्रकरण दुसऱ्या कोणत्या धर्मात आहे, हे कोणी दाखवावे.

राहिला 'भगवान'. आपल्या बैठकांत यावरून तावातावाने भांडणे होतात. एक गट म्हणतो 'तथागत' म्हणा, 'भगवान' म्हणजे देव झाला. दुसरा म्हणतो वंदनेतच 'भगवतो' आहे, तो काय काढून टाकणार? दुसऱ्या गटाला आधार आहे. पालि परंपरा 'भगवा' या शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती देते आणि त्यांतली एक 'भग्ग' म्हणजे मोडलेला यावरून आहे : ज्याने राग, द्वेष, मोह मोडून काढले तो. शिवाय बाबासाहेबांनी इंग्रजीत 'ब्लेस्ड लॉर्ड' असे ठिकठिकाणी लिहिलेच आहे. तेव्हा मराठी अनुवादकांनी काही आगळीक केली असे आम्ही म्हणणार नाही. पण पहिल्या गटाची भीतीही खोटी नाही. मराठी माणसाच्या कानाला 'भगवान' म्हणजे नवस ऐकणारा. बुद्ध हा विष्णूचा अवतार हा खोटा प्रचार आहे, अशी प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्यांच्या नातवंडांच्या घरात आज मूर्तीपुढे काय काय मागितले जाते, ते आपण सगळे पाहतो. आमचे म्हणणे असे की शब्द ठेवायचा असेल तर 'भग्ग'चा अर्थ सांगूनच ठेवावा. सांगायची तयारी नसेल तर 'तथागत' बरा.

अनुवादकांपैकी म. भि. चिटणीस हे नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य होते. जालना हा १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता आणि इथल्या कितीतरी पोरांनी मिलिंदमध्येच पहिल्यांदा पुस्तक मनासारखे वाचले. बाबासाहेबांनी त्या जागेला ज्या भिक्खूचे नाव दिले, त्या नागसेनाचा मिलिंद राजाशी संवाद सुरू होतो तोच नावावरून. नाव काय, असे राजा विचारतो. लोक मला नागसेन म्हणतात, पण ते व्यवहारापुरते ठेवलेले नाव आहे, असे भिक्खू सांगतो, आणि पुढे रथाचे एकेक अंग दाखवून राजाकडूनच ते कबूल करून घेतो.

येत्या वर्षावासात विहारांमध्ये एवढे करता येईल. वाचणाऱ्याच्या शेजारी इंग्रजी प्रत घेतलेला एक जण बसवावा. जिल्ह्यात महाविद्यालयात शिकणारी आपली मुले-मुली आता कमी नाहीत. पहिल्या खंडापासून ओळीने पारायण करण्याऐवजी चौथ्या खंडाचा दुसरा भाग आधी घ्यावा. पंचशील म्हणताना 'सिक्खापद' या शब्दाशी थांबावे : ती शिकण्याची पायरी आहे, वरून आलेली आज्ञा नाही, हे बायकांना आणि लहान मुलांना त्यांच्या बोलीत सांगावे. कोणी अडखळले, 'न'चा 'ण' झाला, तर हसू नये. आणि ग्रंथाला हळदकुंकू वाहून तो लाल फडक्यात बांधून ठेवणारा कोणी दिसला, तर भांडण न करता त्याच्याच हातात तो उघडून द्यावा आणि 'कर्म' शब्दाचे पान मोठ्याने वाचायला सांगावे.